पुढच्या बाकावर एक जागा

व्हर्लीन टब्ज सहा फूट उंच होती. त्यामुळे संध्याकाळच्या कॉलेजात मास्तरांनी भिंतीवर तो तक्ता लावला, तेव्हा तिला राहवलं नाही. तक्ता त्यांच्याच विस्कॉन्सिन राज्याचा होता. पगार, नोकऱ्या, शिक्षण, अशी तीन घरं आखलेली, आणि प्रत्येक घरात एक उंच खांब न् शेजारी एक बुटका.

"सर, तो बुटका म्हणजे आम्ही काळे ना?"

"हो," मास्तर जरा अवघडून म्हणाले.

"मग आम्हाला बसवून मोजलंय वाटतं!"

वर्ग खो खो हसला. बसमधून घरी जाताना मात्र व्हर्लीनला हसू आलं नाही, कारण त्या बुटक्या खांबात ती एकोणीस वर्षं राहत होती.

एकोणीस वर्षं ती मिलवॉकीच्या एका चीजच्या कारखान्यात तीन नंबरच्या लाइनीवर पाकिटं भरत होती. एवढ्या काळात तिने पाच जणांना काम शिकवलं, आणि पाचही जण तिचे सुपरवायझर झाले. सगळे गोरे, सगळ्यांना नुकतं मिसरूड फुटलेलं. "तुझ्याकडे कॉलेजचं सर्टिफिकेट नाही ना, व्हर्लीन. नाहीतर तूच!" मॅनेजर डेल हेफ्ट दर वेळी हळहळून म्हणायचा. डेल वाईट नव्हता. त्याला फक्त विचार करायची सवय नव्हती. पाचांपैकी एकाकडे सर्टिफिकेट नव्हतंच, हे व्हर्लीनला नाताळच्या पार्टीत त्या पोराच्याच तोंडून कळलं. त्या दिवशी तिने केक अर्धा टाकला आणि जानेवारीत कॉलेजात नाव घातलं.

दोन वर्षांचा कोर्स तिने नोकरी करत चार वर्षांत संपवला. मे महिन्यात बावन्नाव्या वर्षी झगा-टोपी घालून सर्टिफिकेट घेतलं. जूनमध्ये तीन नंबरच्या सुपरवायझरची जागा रिकामी झाली, तेव्हा ती सर्टिफिकेट घेऊनच डेलसमोर उभी राहिली.

"वा!" डेल म्हणाला. "पण यंदा पद्धत जरा बदललीय. दोघं उमेदवार एकेक दिवस लाइन चालवून दाखवणार. मंगळवारी कोडी, बुधवारी तू."

कोडी म्हणजे लाइनीवरचा नवा पोरगा. त्याला खोकं कुठल्या बाजूने उघडतात हे तिनेच फेब्रुवारीत दाखवलं होतं.

"ही शेवटची," तिने घरी मुलीला सांगितलं. "या वेळी हुकलं तर पुन्हा तोंड उघडून मागणार नाही." आणि व्हर्लीन बोलली की ते करायचीच.

आता त्या लाइनीवर खरी अडचण होती आवाजाची. यंत्रांचा एवढा गोंगाट की सगळ्यांच्या कानांत बोळे. सुपरवायझरने काही सांगायचं तर सरकत्या पट्ट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळायचं आणि प्रत्येकाच्या कानाशी ओरडायचं. पाचही पोरं पळून पळून घामाघूम व्हायची. व्हर्लीनच्या गुडघ्यांना ते झेपणारं नव्हतं. पण लाइनीवरच्या अकरा जणांपैकी सहा जणी तिच्याच चर्चच्या होत्या, तिनेच नोकरीला चिकटवलेल्या, आणि सहाही जणी तिच्यासारख्याच अशर होत्या.

अशर म्हणजे रविवारी लोकांना जागेवर नेऊन बसवणाऱ्या बायका. पांढरा पोशाख, पांढरे हातमोजे, आणि तोंडातून शब्द नाही. सगळं खुणांवर. बोटं वर केली की तितक्या जागा रिकाम्या. डावा हात पाठीमागे गेला की हातातलं ठेवून ताठ उभं राहायचं. उजवी मूठ वर गेली की प्रार्थना सुरू, असाल तिथे थिजायचं.

याच खुणांनी लाइन चालवायची, असं व्हर्लीनने ठरवलं. पण त्या खुणांवर मदर अर्नेस्टीनची सत्ता होती. चर्चमध्ये सगळे त्यांना मानाने मदर म्हणत; अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, चाळीस वर्षं अशरांच्या प्रमुख. पास्टरसुद्धा त्यांच्या भुवयांकडे बघून प्रवचन आवरायचे. शनिवारी व्हर्लीन त्यांच्या घरी गेली, तेव्हा त्या हातमोज्यांना इस्त्री करत होत्या.

"देवाघरच्या खुणा चीजच्या डब्यांना?" मदरनी इस्त्री उभी केली. "काही लाज?"

"मदर, मला ती जागा हवीय."

"सगळ्यांनाच हवी असते."

"सहावा सुपरवायझरही मीच शिकवून द्यायचा का? पाच झाले."

मदरनी मोज्याचं एक बोट दाबून सरळ केलं. "मीसुद्धा मागितली होती जागा," त्या म्हणाल्या. "टॅनरीत, चामड्याच्या कारखान्यात. एकोणिसशे एकाहत्तरात. साहेब म्हणाला, तुमचं ऐकणार कोण?" मग मोजे पुढे सरकवले. "घे. पांढरे मोजे घालणार असशील तर परवानगी."

"तिथे निळेच लागतात, मदर. चीजमध्ये तुकडा पडला तर दिसायला हवा."

"निळे?" मदरनी नाक मुरडलं. "बरं, निळे. देवाला रंगाचं काही नसतं. असतं ते डेलला."

बाकीच्या पाच जणांना तिने दोन दिवस जेवणाच्या सुट्टीत खुणा शिकवल्या. "आमच्या चर्चमध्ये माणसं आपापली बसतात बुवा," म्हातारा पोलिश स्टॅन कुरकुरला, पण शिकला.

बुधवारी डेल वरच्या काचेच्या खोलीत वही घेऊन बसला. आदल्या दिवशी कोडीने लाइन बरी चालवली होती, फक्त तो दुपारपर्यंत लाल झाला होता. व्हर्लीन मात्र पट्ट्याच्या टोकाशी जागची हलली नाही. दोन बोटं वर, की दोघी खोक्यांकडे. तळहात खाली, की वेग कमी. वरून बघणाऱ्याला वाटावं, बाई कामच करत नाहीये.

साडेदहाला घोळ झाला. व्हर्लीनच्या कमरेत कळ आली आणि तिने नकळत डावा हात पाठीमागे नेऊन कंबर दाबली. झालं! सहाही जणींनी हातातली पाकिटं खाली ठेवली, हात मागे घेतले आणि रविवारच्यासारख्या ताठ उभ्या राहिल्या. त्यांचं पाहून स्टॅनही. पट्टा आपला चालूच. चीजचा ढीग साचला, ओसंडला, पाकिटं टपाटप जमिनीवर. व्हर्लीनने तळहात फिरवून सगळ्यांना कामाला लावलं खरं, पण वर पाहिलं तर डेल काहीतरी लिहीत होता, आणि बराच वेळ लिहीत होता.

गेलं, तिला वाटलं. कमरेने घात केला.

दोन वाजता पट्ट्यावर अक्रोडाचं चीज यायला लागलं. व्हर्लीनने सवयीने सगळ्यांच्या डोक्यांवरून पार पलीकडच्या टोकापर्यंत नजर टाकली. तिथून बाहेर पडणारी पाकिटं पिवळी होती. अक्रोडाची पाकिटं तपकिरी असतात. वेष्टनाची रीळ चुकीची लागली होती. आत अक्रोड आणि वर साध्या चीजचं नाव. अक्रोडाची अ‍ॅलर्जी असलेल्या कुणी ते खाल्लं तर जिवावरच बेतायचं.

तिने उजवी मूठ वर केली.

अकराच्या अकरा जण थिजले. फक्त पलीकडच्या टोकाला बटणापाशी उभ्या असलेल्या लव्होंडाने लाल बटण दाबलं, पट्टा जागीच थांबला, आणि त्या अचानक शांततेत डेलचे बूट लोखंडी जिन्यावरून धडधडत खाली आले.

"आता काय झालं?"

व्हर्लीनने त्याच्या हातात पिवळं पाकीट ठेवलं आणि दुसरं फोडून दाखवलं. डेलने अक्रोडाचा तुकडा पाहिला. त्याचा चेहरा पांढरा होता, तो आणखी पांढरा झाला. मागच्या हिवाळ्यात हीच चूक झाली तेव्हा चारशे खोकी दुकानांतून परत मागवावी लागली होती.

"किती बाहेर गेली?"

"नऊ," लव्होंडा म्हणाली. "ही बघा. सगळी इथेच."

"तुला तिथून दिसलं कसं?"

"उंच आहे मी," व्हर्लीन म्हणाली. "तुमच्या लक्षात आलं नसेल."

कोडी पाकिटं उचलायला आला होता. "मला दिसलं नसतं," तो सरळ म्हणाला. "आणि मी ओरडत पोचेपर्यंत ट्रक भरला असता. डेल, जागा हिलाच द्या ना. मला शिकवलंय पण तिनेच." डेलने वही मिटली. पाचच्या भोंग्याला व्हर्लीनच्या नेमणुकीच्या कागदावर त्याची सही झाली, आणि लव्होंडाने कारखान्याच्या दारात आनंदाने अशी किंकाळी फोडली की बस थांबली.

रविवारी चर्च तुडुंब भरलेलं. व्हर्लीन मधल्या वाटेत पांढऱ्या मोज्यांत उभी होती. मागच्या दाराशी मदर अर्नेस्टीननी एक बोट वर केलं, मग ते पुढे झुकवलं. पुढच्या बाकावर एक जागा, पाहुण्याला घेऊन जा. व्हर्लीनने आजूबाजूला पाहिलं. पाहुणा कुठेच नव्हता. तिने भुवया उंचावून विचारलं, कोण? मदरनी तेच बोट तिच्या छातीकडे रोखलं.

तीस वर्षं तिने हजारो माणसांना त्या बाकापर्यंत नेलं होतं. स्वतः ती तिथे कधीच बसली नव्हती. मदर स्वतः आल्या, तिचा हात कोपरापाशी धरला आणि तिला वाटेने पुढे घेऊन गेल्या. गाणाऱ्यांनी आवाज चढवला, सगळं चर्च उभं राहून टाळ्या वाजवायला लागलं, आणि व्हर्लीनला रडू आलं ते तिने लपवलं नाही.

सगळे बसले. ती बसली. लगेच मागून कुणीतरी तिच्या खांद्यावर टिचकी मारली.

"व्हर्लीन, जरा खाली सरक ना गं. पास्टर दिसत नाहीत."

"नाही सरकत," व्हर्लीन डोळे पुसत म्हणाली, आणि आणखी ताठ बसली.