दगडावरचा सिंह

पप्पांच्या तिसाव्या दिवसाची मिस्सा शुक्रवारी सकाळी झाली आणि आम्ही जेवायला मस्कतच्या अल हैल भागात, माझ्या भावाकडे गेलो. मॅक्सवेलच्या हॉलमध्ये टीव्हीच्या वर एक फ्रेम आहे. लाल ढाल, ढालीवर मागच्या पायांवर उभा सिंह, खाली कुणालाही न समजणारी लॅटिन ओळ, आणि त्याखाली इंग्रजीत हेवर्ड घराण्याचा इतिहास. कागद मुद्दाम पिवळट केलेला, कडा जळल्यासारख्या. मॉलमध्ये एका टेबलावर आडनाव सांगितलं की असा इतिहास दहा मिनिटांत छापून मिळतो. मी स्वतः तिथे उभं राहून पाहिलं आहे. माझ्यापुढच्या बाईंचं आडनाव मस्करेन्हस होतं. त्यांच्या ढालीवरही हाच सिंह होता, फक्त त्याचं तोंड दुसऱ्या बाजूला होतं.

आमच्या फ्रेमनुसार हेवर्ड हे इंग्लंडमधले शूर भूमिरक्षक. मी ग्रंथपाल आहे. घरी जाऊन दोन जाड कोश उघडले. हेवर्ड म्हणजे गावाने नेमलेला कुंपणाचा राखणदार. लोकांची गुरं पिकात शिरू नयेत म्हणून काठी घेऊन फिरायचं, शिरली तर हाकलायची. काम चांगलं, कष्टाचं. पण त्यासाठी सिंह लागत नाही. शिवाय ढाल मिळायची ती एकेका माणसाला, त्या आडनावाच्या सगळ्या दुनियेला नव्हे. हे मी मॅक्सवेलला फ्रेम लागली त्याच आठवड्यात सांगितलं होतं. तेव्हा पप्पा सोफ्यावर बसून चहा पीत होते. मॅक्सवेलने टीव्हीचा आवाज वाढवला.

आमचं हेवर्ड कुठून आलं ते मला पप्पांनीच सांगितलं होतं, एकदा निझव्याला जाताना गाडीत. आजोबांचं नाव पास्कू दाब्रे, गाव वसईतलं नंदाखाल. रेल्वेच्या शेडमध्ये साहेबी नावाच्या माणसाला वरची जागा मिळायची, म्हणून त्यांनी आपल्या फोरमनचं आडनाव उचललं आणि अर्जावर लिहिलं. काळे होते, मराठी बोलत होते, तरी जागा मिळाली. पुढे पप्पांनी हेच नाव मस्कतला आणलं आणि चाळीस वर्षं लोकांचे एसी दुरुस्त केले. लग्नाकार्यात आडनाव ऐकलं की कुणीतरी त्याच नावाच्या बिअरची बाटली काढायचंच. एवढंच आमचं घराणं.

जेवण झाल्यावर मॅक्सवेलने मोबाईल पुढे केला. पप्पांना नंदाखालला पुरलं आहे, तिथल्या कबरीच्या दगडाचं डिझाइन होतं. मजकूर आजच पाठवायचा होता, कारागीर सोमवारी काम सुरू करणार होता. दगडाच्या माथ्यावर सिंह होता. लॅटिन ओळसुद्धा होती.

ज्या दफनभूमीत सगळे लोपीस, तुस्कानो आणि दाब्रे शेजारी शेजारी झोपले आहेत, तिथे हा सिंह उभा राहणार होता. लोक रविवारी मुलांना दाखवायला आणतील, असं मी म्हणाले. मग म्हणाले की पप्पांना दगडावर दाब्रे हवं होतं.

"तुला तसं म्हणाले?" मॅक्सवेलने विचारलं.

"मला त्यांनी सगळं सांगितलं होतं. तुझ्यासारखा मॉलमधून बाप विकत नाही घेतला मी."

समोर उत्तमकाका बसले होते. देवगडचे, पप्पांबरोबर अझैबाच्या वर्कशॉपमध्ये वीस वर्षं होते. त्यांनी हातातली वाटी खाली ठेवली.

"मॅग्डा, ती फ्रेम याने नाय आणली. युस्टेसने आणली, तुझ्या पप्पाने. मी होतो ना बरोबर."

मी मॅक्सवेलकडे पाहिलं. तो मोबाईलकडे पाहत होता.

"माझ्या वाढदिवसाला दिली," तो म्हणाला. "तुला सांगू नको म्हणाले. तू हसशील म्हणून."

मी हसलेच होते. त्यांच्या समोर, ते चहा पीत असताना, कोशातले उतारे सांगून.

उत्तमकाका म्हणाले की त्या दिवशी युस्टेस टेबलावरच्या माणसाशी बराच वेळ वाद घालत होता, आणि शेवटी 'खलास, छाप काय ते' म्हणाला. वाद कशाचा, ते त्यांना आठवेना. जॅस्मिन, माझी भावजय, उठून आत गेली आणि पप्पांची निळी फाइल घेऊन आली. पप्पा कुठलाही कागद टाकत नसत. मिक्सरचं वॉरंटी कार्ड, दिशदाशा, म्हणजे लांब अरबी झगा, शिवायला टाकल्याची चिठ्ठी, सगळं प्लास्टिकच्या पाकिटांत. त्यातच त्या फ्रेमच्या ऑर्डरचा कागद निघाला.

अक्षर त्यांचंच, एसीच्या पॅनेलवर मार्करने लिहायचे तसं मोठं आणि सुटं. आडनाव: हेवर्ड. मूळ ठिकाण: नंदाखाल, वसई. खाली एक ओळ जादा, रकान्याच्या बाहेर गेलेली: वडील पास्कू, रेल्वे. नंदाखालवर कुणीतरी लाल पेनने काट मारली होती आणि वर इंग्लंड लिहिलं होतं.

"आता आठवलं," उत्तमकाका म्हणाले. "तो टेबलावरचा सांगत होता, गाव टाकता येत नाही, मशीनमधून येईल ते. युस्टेस म्हणे, मग मशीनला सांग."

मी तो कागद दोनदा वाचला. त्यात दाब्रे कुठेही नव्हतं. गाडीतली गोष्ट त्यांनी मला सांगितली होती, मागितलं मात्र काही नव्हतं. दाब्रे मला हवं होतं. सिंह तर त्यांनी मागितलाच नव्हता, तो मशीनमधून आला होता.

मॅक्सवेलने माझ्या हातातून कागद घेतला आणि खूप वेळ वाचला. मग मोबाईलवर सिंह खोडला, त्याच्याखालची लॅटिन ओळ खोडली, आणि मोबाईल माझ्याकडे दिला. मी टाइप केलं: युस्टेस पास्कू हेवर्ड, नंदाखाल.

"नंदाखालच्या दफनभूमीत नंदाखाल कोण लिहितं?" तो म्हणाला. "लोक हसतील."

"हसू दे."

पाठवल्यावर थोड्याच वेळात कारागिराचा फोन आला. मॅक्सवेलने स्पीकर लावला. गावाचं नाव चुकून पडलंय का, काढू का, असं तो विचारत होता. इथे सगळे नंदाखालचेच आहेत, म्हणाला.

मॅक्सवेल माझ्याकडे पाहत होता.

"राहू द्या," मी म्हणाले. "फ्रेमवर ते आम्हाला छापून मिळालं नव्हतं."

त्याला काही कळलं नसावं. अक्षरांचे पैसे वाढतील, म्हणाला, आणि फोन ठेवला.