फेकणारीचं विमान

ताईंनी विमान टेबलावरून उचललं आणि त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बॅटरी बसवायची खाच कुणीतरी सुरीने मागे वाढवली होती. फोमचा पांढरा भुगा अजून टेबलावर पडलेला होता. बॅटरी चांगली चार बोटं मागे सरकवलेली, पुढच्या रिकाम्या जागेत फोमचा ठोकळा कोंबून तो गोंदाने पक्का चिकटवलेला. वर चिकटपट्टी. तीही वाकडी.

कुणीतरी म्हणजे कोण, हे विचारायची गरज नव्हती. या घराची दुसरी किल्ली एकाकडेच होती, आणि तो या घडीला स्वयंपाकघरात ताईंच्याच डब्यातली बिस्किटं चहात बुडवून खात होता.

"बारक्या!"

"आलीस का? ये, चहा टाकलाय," आतून आवाज आला.

बारक्या हा ताईंचा धाकटा भाऊ. जन्मला तेव्हा मुठीएवढा होता म्हणून ते नाव पडलं. आता साठी उलटली, दारातून आत शिरताना जरा तिरकं व्हावं लागायचं, पण नाव काही सुटलं नव्हतं. समोर त्याची बायको बसली होती. नवऱ्याच्या बशीत पडलेलं भिजलं बिस्कीट चमच्याने काढण्याचं तिचं काम चालू होतं.

ताई विमान हातात घेऊनच आत गेल्या.

"याला हात कुणी लावला?"

"मी लावला. अगं, नाक केवढं जड होतं ठाऊक आहे? बोटांवर तोलून बघितलं तर दाणकन पुढे कललं. तसंच उडवलं असतंस तर थेट जमिनीत घुसलं असतं. आभार मान माझे."

"बोटं कुठे लावलीस?"

"कुठे म्हणजे? पंखाखाली. जिथे लावतात तिथे."

"कुठल्या पंखाखाली?"

बारक्याचा हात बशीवर थांबला. "खालच्या. वरच्याखाली कशी घालणार, मध्ये तुझ्या त्या दांड्या आहेत."

ताईंनी विमान त्याच्या नाकासमोर धरलं. "वरचा पंख कुठे आहे? दिसतोय का? पुढे आहे. मुद्दाम पुढे काढलाय. दोन पंख असले की तोल दोघांचा मिळून बघायचा. एकट्या खालच्यावर तोललंस तर नाक जड वाटणारच! तू सगळं वजन शेपटीकडे नेऊन ठेवलंस. हे आता वर चढेल आणि वेड्यासारखं कोलांट्या मारेल."

बारक्याला हे ठाऊक नव्हतं असं नाही. आयुष्यभर एका पंखाची विमानं उडवली, तर बोटं आपोआप तिथेच गेली. पण चुकलं म्हणणं त्याच्या रक्तात नव्हतं.

"तुझी कागदावरची गणितं तुझ्यापाशी ठेव. ते हाताला कळतं."

"मी म्हटलं होतं यांना," बायको मध्येच बोलली, "वन्संना विचारा. तर म्हणाले, तिला काय विचारायचं, तिचंच काम हलकं करतोय."

"तू गप्प बस. ताई, ऐक. उद्या सकाळी मैदानावर सगळे येतायत. क्लबात सांगून टाकलंय मी, आमचं दुपंखी तयार झालं म्हणून. तू नेहमीसारखी फेक, मी उडवतो."

आमचं! ताईंनी विमान ओट्यावर ठेवलं, कारण ते हातात राहिलं असतं तर त्यांनीच त्याचे तुकडे केले असते.

"निघा," त्या म्हणाल्या. "दोघंही."

"अगं, चहा तरी..."

"कप घेऊन जा. उद्या परत दे."

दार लागल्यावर ताई टेबलावरचा भुगा पुसून काढू लागल्या. राग एका खाचेचा असता तर ओरडून संपला असता. हा फार जुना होता.

त्यांचे वडील दुरुस्तीच्या कारखान्यात होते आणि सुट्टीच्या दिवशी पुठ्ठ्याची, कामट्यांची विमानं करायचे. दोन्ही मुलांना त्यांनी सारखंच शिकवलं. पंखाची कड घासायला, कागद ताणून चिकटवायला, रबराला पीळ घालायला. ताईंचा हात जास्त नेटका होता हे ते चारचौघांत सांगायचेसुद्धा. पण विमान घेऊन बाहेर पडले की वाटणी ठरलेली असायची. पुढे घरात पहिला रिमोट आला, केवढा तरी जड, एका माणसाने उचलायचा आणि दुसऱ्याने हलवायचा असा. त्या दिवशी वडील म्हणाले, "बारक्या उडवेल. ताई फेकेल." का, ते कुणी विचारलं नाही. ताईंनीही नाही. त्या वयात त्यांना फेकायलाही आवडायचं. हात डोक्यावर न्यायचा, वाऱ्याकडे तोंड करायचं, चार पावलं धावायचं आणि सोडायचं. विमान बोटांतून सुटताना तळहाताला जी गुदगुली होते ती त्यांना आजही आठवत होती.

आवडलं नाही ते पुढचं. विमान उडालं तर बारक्याने उडवलं. पडलं तर ताईने वाकडं फेकलं. झाडात अडकलं तरी वाकडं फेकलं, आणि एकदा तर पाव तास छान उडून मग तळ्यात गेलं, तेव्हाही बारक्या ओला चिंब होऊन बाहेर येत म्हणाला होता, "मुळात फेकणंच वाकडं होतं." सगळे हसले. ताईही हसल्या. ते हसणं त्यांना आता सगळ्यात जास्त सलत होतं.

नोकरीत आराखडे काढण्यात जन्म गेला. निवृत्त झाल्यावर त्यांनी स्वतःसाठी एक आराखडा काढायला घेतला. लहानसं, दुपंखी, सगळं फोमचं. चाकं नाहीत, गवतावर पोटावर उतरायचं. वरच्या पंखाची लांबी त्यांनी कितीदा तरी खोडून पुन्हा काढली. दोन पंखांत अंतर किती, वरचा पुढे किती, मागची पट्टी किती रुंद. आधी पुठ्ठ्याचं छोटं करून दिवाणखान्यात सोडून पाहिलं, ते पडद्याला जाऊन धडकलं. दुसरं केलं. तिसरं खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाण्यावर सरकावं तसं गेलं, आणि ताई एकट्याच टाळ्या वाजवत बसल्या. मग खरं कापलं. वरचा पंख पिवळा, खालचा निळा रंगवला, म्हणजे वर गेल्यावर सुलटं की उलटं ते कळावं. आणि या सगळ्या काळात एकच गोष्ट त्यांनी मनाशी पक्की धरली होती, की याचं पहिलं उड्डाण आपल्या हातून होणार. कुणाला सांगितलं नव्हतं एवढंच चुकलं.

त्यांनी सुरी घेतली. बारक्याचा गोंद दगडासारखा वाळला होता. ठोकळा निघता निघेना, तेव्हा त्यांनी तो किसून किसून काढला आणि प्रत्येक किसाबरोबर भावाला एकेक विशेषण दिलं. बॅटरी पुन्हा पुढे नेली, मागचं भगदाड फोमच्या हलक्या तुकड्याने बुजवलं, चिकटपट्टी सरळ लावली. विमान दोऱ्याने टांगून तोलून पाहिलं. नाक किंचित खाली. हवं तसं.

सकाळी मैदानावर पाचसात मंडळी आधीच जमली होती. त्यांत सुट्या भागांचा दुकानदार होता, आणि ज्याला सगळे मास्तर म्हणत तो शाळेतून निवृत्त झालेला उंच माणूस. बारक्या टोपी घालून, रिमोट पट्ट्याने गळ्यात अडकवून मध्यभागी उभा होता. रिमोट त्याचाच होता, ताईंनी आपलं विमान त्यालाच जोडून घेतलं होतं.

"या, या, विमानांचा कारखाना आला," दुकानदार म्हणाला. "काय देखणं झालंय हो!"

"झालंय ना?" बारक्या म्हणाला. "महिनोन् महिने लागलोय आम्ही." मग त्याने वाकून बघितलं. "ताई, बॅटरी पुन्हा पुढे घेतलीस?"

"घेतली."

"पडणार मग. मला दोष देऊ नकोस."

"तुला कसा देईन? तू उडवणारच नाहीयेस. रिमोट दे."

बारक्या हसला. बाकीचे हसावं की नाही ते बघत राहिले.

"ताई, पहिलं उड्डाण आहे. लोकांसमोर तमाशा नको."

"मग करू नकोस. दे."

"अगं, तुझ्या डोळ्याचं आत्ताच ऑपरेशन झालंय."

"म्हणूनच आता तुझ्यापेक्षा बरं दिसतंय."

"आणि फेकणार कोण? मी?"

"का? हात मोडलाय?"

"मी कधी फेकलंय का!" तो खरोखरच चकित झाला होता. त्याला हे अन्यायाचं वाटत होतं, आणि तेच बघून ताईंच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यांनी विमान पालथं केलं, बॅटरीची वायर उपसली, बॅटरी हातातल्या पिशवीत टाकली आणि पिशवी काखेत मारली.

"उडव आता. काय उडवायचं ते उडव."

मास्तर आपल्या बुटांकडे बघू लागले. शेवटी बारक्याची बायको, जी एका बाजूला घडीची खुर्ची टाकून बसली होती, तिथूनच ओरडली, "द्या हो त्यांना! नाहीतर दिवसभर इथेच उभं राहावं लागेल, आणि माझा दुसरा चहा व्हायचाय."

बारक्याने पट्टा मानेतून काढला. टोपी अडकली. ती ओढून काढली, खाली पडली, उचलली, आणि रिमोट पुढे केला, तो असा की जणू एक दात काढून देतोय.

ताईंनी बॅटरी बसवली. विमानाच्या मागे उभं राहून रिमोटच्या दांड्या हलवून पाहिल्या. डावीकडे, उजवीकडे, मागची पट्टी वर, खाली. सगळं बरोबर. नाकावरचा पंखा सुरू झाला तसा बारक्याने विमान पोटाशी धरून डोक्यावर उचललं.

"वाऱ्याकडे तोंड कर. नाक वर नको. मी सोड म्हटल्यावरच सोड."

"शिकवू नकोस."

"सोड!"

त्याने फेकलं नाही, भिरकावलं. नाक आभाळाकडे, डावा पंख खाली. पिवळा पंख एका कडेवर उभा राहिला, पंखा कोकलला, विमान हवेतच थबकलं आणि जमिनीकडे कलंडलं. "गेलं!" दुकानदार म्हणाला. पण इतकी वर्षं भावाचे अंगठे बघून ताईंच्या अंगठ्यांना सगळं पाठ होतं. नाक खाली, उजवीकडे, पूर्ण जोर. गवताला जवळजवळ शिवून विमान सावरलं आणि वर चढू लागलं.

ते चढलं. काय चढलं! वळणावर दोन्ही पंखांवर ऊन आलं, आणि ताईंनी जोर कमी केला तरी ते हवेत तरंगत राहिलं, जसं त्यांनी कागदावर योजलं होतं तसं. लांबचं मोठं वळण घेऊन ते डोक्यावरून गेलं. मास्तरांनी टाळी वाजवली.

"डावीकडे घे," बारक्या कानाशी येऊन म्हणाला. "डावीकडे! जोर दे! अगं ताई, जोर..."

"बारक्या, माझ्यापासून दूर हो."

"मी सांगतोय ते..."

"दूर हो म्हटलं ना!"

हे एवढ्या जोरात निघालं की रस्त्यावरून जाणारा माणूस थांबला. बारक्या चार पावलं मागे सरकला. ताईंनी आणखी दोन वळणं घेतली, मग उतरवायला आणलं. आणि तिथे घाई झाली. गवत अजून बऱ्यापैकी खाली होतं, तरी त्यांनी जोर पार काढून घेतला. विमान मंदावलं, उजवा पंख अचानक खचला, आणि ते टोकावर आपटून एक गिरकी घेऊन पडलं. निळा पंख मधोमध मोडला.

सगळ्यांच्या आधी बारक्या धावला. मोडकं विमान उचलून धरत तो ओरडला, "बघितलंत? नाक जड! मी काल सांगितलं होतं. मी केलं होतं ते हिने बदललं, म्हणून पडलं!"

ताई चालत गेल्या. विमान त्याच्या हातातून काढून घेतलं.

"नाक जड नव्हतं. मी पाडलं."

"अगं, तुझा काय दोष? बॅटरीच..."

"मी पाडलं! जोर लवकर काढला. चुकलं माझं." त्यांनी मोडका पंख त्याच्यासमोर धरला. "आराखडा तू आमचा केलास. विमान आमचं केलंस. आता पडलं तर तेही तुझं ऐकलं नाही म्हणूनच का? माझ्या हातून काही पडूही देणार नाहीस का रे? हे माझं आहे. उडालं तेही माझं, पडलं तेही माझं. तू इतकी पाडलीस, एकदा तरी म्हणालास का, माझ्या हातून पडलं?"

बारक्याने बायकोकडे बघितलं. तिने नजर चहाच्या कपात घातली.

"एकदा?" ताई म्हणाल्या.

"तळ्यात गेलं होतं ते..." तो पुटपुटला. "ते जरा माझ्याकडून..."

"जरा?"

"माझ्याकडून."

ताईंचा राग यावर निवला नाही. इतक्या वर्षांचा राग एका शब्दावर निवणार तरी कसा! त्या गवतात बसल्या, पिशवीतून चिकटपट्टी काढली आणि मोडका पंख जोडू लागल्या. मास्तर पुढे झाले, तुकडे जुळवून धरायला. दुकानदाराने नवी बॅटरी आणून दिली. बारक्या उभा होता तिथेच उभा होता. टोपीची कड चुरगाळत.

पंख जोडला गेला. पट्टीची रेघ कुरूप दिसत होती, पण पंख सरळ होता. ताईंनी विमान दोन्ही हातांनी उचललं आणि भावापुढे धरलं.

"परत?" तो म्हणाला.

"परत."

त्याने घेतलं. वाऱ्याचा अंदाज घेतला, जरा वळला, हात डोक्यावर नेला. या खेपेला नाक आभाळाकडे नव्हतं. पंखा घरघरू लागला. तो मान वळवून ताईंच्या तोंडाकडे बघत राहिला, सोड म्हणतात कधी याची वाट बघत. हात भरून येऊ लागला तरी बघत राहिला.

ताईंनी मुळीच घाई केली नाही.