बारावा कॉम्प्युटर

नेरळच्या घरी बसून मी शिळफाट्याच्या ऑफिसातले बारा कॉम्प्युटर अपडेट करून रीस्टार्ट करते. या वेळी अकरा शहाण्यासारखे परत सुरू झाले, तिथल्या इंदूबाईंचा मात्र मध्येच बंद पडला. रोज जेवणाच्या सुट्टीआधी मी त्याचं अपडेट पुन्हा लावायचे, रोज तो बंद पडायचा. आठवडाभरात माझं डोकं फिरलं. शेवटी स्कूटर काढून मी तिथं गेले.

बघते तर सीपीयूवर, गरम हवा निघते त्याच जाळीवर, इंदूबाईंचा जेवणाचा डबा! हवा कोंडून मशीन तापत होतं आणि बंद पडत होतं.

"अहो, ही काय चूल आहे?" मी ओरडलेच.

त्यांनी डबा उचलला. अपडेट एका दमात झालं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळी त्यांचा फोन आला.

"भाग्यश्री, आज अपडेट नाय का गं? भाजी गारच हाय."