वस्तादांचं उष्टं

वसुबारसेला जगनला नवी कवळी बसली आणि त्याच संध्याकाळी त्याची क्लॅरिनेट किंचाळायला लागली. कल्याणच्या बँडमध्ये पस्तीस वर्षं ज्याच्या सुरावर नवरदेवांच्या घोड्या चालल्या, त्या माणसानं वाद्य तोंडाला लावावं आणि आतून शेपटीवर पाय पडलेल्या मांजराचा आवाज यावा! त्याच्या बायकोनं, कांताबाईंनी, हसू आवरलं. शेजाऱ्यांनी आवरलं नाही.

बँडचे मालक धोंडीबा भला माणूस, पण धंदा तो धंदा. हंगामातली पहिली सुपारी तुळशीच्या लग्नाची होती, एका सोसायटीची.

"जगनभाऊ, त्या दिवशी वाजलं तर ठीक, नायतर कीबोर्डवाला बोलवतो मी. वाईट वाटून घेऊ नका."

"अरे, माउथपीस नीट बसत नाय तोंडात."

"नाचता येईना अंगण वाकडं!" धोंडीबा हसले. ते मस्करीत म्हणाले, पण जगनच्या जिव्हारी लागलं. त्याला दुसरं काही येत नव्हतं, आणि यायला हवं असं कधी वाटलंही नव्हतं.

आता माउथपीस म्हणजे क्लॅरिनेटचं ओठांत धरायचं टोक. त्याला एक पातळ पत्ती बांधलेली असते, ती थरथरली की सूर निघतो. जगनचं माउथपीस साधंसुधं नव्हतं. त्याच्या वस्तादांनी शेवटच्या आजारात ते स्वतःच्या वाद्यावरून काढून त्याच्या हातावर ठेवलं होतं. त्यांच्या बँडचा दंडकच होता, की दुसऱ्याचं माउथपीस तोंडाला लावायचं नाही. उष्टं ते उष्टं. वस्तादांचं उष्टं तेवढं प्रसाद. त्यामुळे जगननं त्यानंतर दुसरं माउथपीस लावून पाहिलंच नव्हतं. प्रसाद मापाचा आहे का, असं कोण विचारतं?

"बदलून बघा की," कांताबाई म्हणाल्या.

"वस्तादांचं बदलू?"

"चप्पल चावली तर पाय कापाल का?"

जगननं माउथपीस रुमालात गुंडाळलं. कांताबाईंनी त्याला बसमध्ये बसवलं आणि ठाण्याला, नौपाड्यात, हरिहरकाकांकडे नेलं. हरिहरकाका ऐंशीचे, पेट्या आणि क्लॅरिनेट दुरुस्त करण्यात हयात गेलेली. त्यांनी जाड चष्मा चढवला, माउथपीसच्या डाव्या कडेवरून अंगठा फिरवला आणि हसू लागले.

"अरे, हे तुझ्याकडे आलं होय! ही कड मी घासलेली आहे."

"तुम्ही? कशाला?"

"तुझ्या वस्तादांचा वरचा दात एका वरातीत पडला, कोणाचं तरी कोपर लागून. त्या फटीत बसेल असं करून द्या म्हणाले. मी कानस लावली. हे त्यांच्या पडलेल्या दाताचं माप आहे, जगन. तुझे दात तर शाबूत होते. तू वाजवायचास कसा?"

जगननं सवयीनं तोंड लावून दाखवलं. मान डावीकडे, ओठ तिरका, एक डोळा बारीक.

"अगं बाई!" कांताबाई म्हणाल्या. "मला वाटायचं, वाजवताना माझ्यावरच रागावलेले असतात!"

बँडमध्ये या ढबीला मोठा मान होता. जगनकडे शिकलेली ऐश्वर्या, धोंडीबांची सून, दिवसा बँकेत काम करायची आणि संध्याकाळी दुसरी क्लॅरिनेट वाजवायची. तिचं माउथपीस धड होतं, तरी तीही मान डावीकडे टाकूनच वाजवायची. जगनच्या खऱ्या दातांनी इतकी वर्षं तडजोड करून निभावलं होतं. कवळीला तडजोड माहीत नव्हती.

"म्हणजे अंगण खरंच वाकडं होतं," जगन पुटपुटला. त्याला क्षणभर वस्तादांचा राग आला आणि लगेच त्या रागाची लाज वाटली. बिचाऱ्यांनी जवळ होतं ते सगळ्यात मोलाचं दिलं होतं.

हरिहरकाकांनी खण ओढला. आत पंधरावीस जुनी माउथपीसं. "औषधाच्या पाण्यात धुतलेली आहेत. लावून बघ."

"उष्टी आहेत ती, काका."

"पस्तीस वर्षं एका उष्ट्यावर काढलीस. बाकीच्यांनी काय पाप केलंय?"

जगननं डोळे मिटून पहिलं लावलं. प्रत्येकावर एकच लांब सा. "वाजवणाऱ्याला सूर हाडांतून ऐकू येतो," काका म्हणाले. "बाहेर काय जातं ते त्याला कळत नाही. वहिनी, तुम्ही सांगा."

"मला काय कळतंय त्यातलं?" असं म्हणून कांताबाई उंबऱ्याकडे तोंड करून बसल्या. बाजारातून आणलेल्या वालाच्या शेंगा सोलता सोलता त्यांनी निकाल द्यायला सुरुवात केली. "हा भाजीवाला." पुढच्याला, "हे पाहुण्यांसमोर बोलतात तसे." तिसऱ्याला कवळीच उचलली गेली, तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत. संसार करायचा होता.

सहावं काळं, मळकट, नाव-गाव नसलेलं होतं. त्याचं तोंड अरुंद, म्हणजे दात दाबावे लागत नव्हते. काकांनी वर रबराचा लहानसा तुकडा चिकटवला. जगननं फुंकलं. शेंगा सोलणारे हात थांबले.

"हे आमच्या घरातले," कांताबाई म्हणाल्या आणि पदरानं डोळे पुसले.

जगननं डोळे उघडले. समोर भिंतीवरचं कॅलेंडर दिसलं, अगदी सरळ. वाजवताना समोरचं असं दिसतं, हे त्याला साठाव्या वर्षी कळलं.

नंतरचे आठ दिवस त्यानं घर डोक्यावर घेतलं. तुळशीच्या लग्नाला अंतरपाट दूर झाला आणि जगनचा पहिला सूर सोसायटीच्या गच्चीपर्यंत गेला, मान ताठ. कीबोर्डवालाही आला होता. दुसरी धून संपायच्या आत धोंडीबांनी त्याला जेवायला बसवलं आणि जगनजवळ येऊन म्हणाले, "जगनभाऊ, ते अंगणाचं मी उगाच बोललेलो."

"उगाच नाय. बरोबर होतं ते."

मांडव रिकामा होताना ऐश्वर्या जवळ आली. "काका, वस्तादांचं माउथपीस आता मला द्याल ना? प्रसाद म्हणून."

रुमालात गुंडाळलेलं माउथपीस जगनच्या खिशातच होतं. हात तिथवर गेलाही. मग त्यानं तिच्याकडे पाहिलं. वाद्य केव्हाच पेटीत ठेवलं होतं, तरी पोरीची मान डावीकडे कललेलीच होती.

जगननं हात तसाच बाहेर काढला.

"रविवारी माझ्याबरोबर ठाण्याला चल," तो म्हणाला. "कांताकाकू येईल ऐकायला. आणि हे बघ, माझ्यासारखं तोंड करून येऊ नकोस. तुझं घेऊन ये."