विकतचा नकरूर

लुलवाने मासा ओट्यावर आडवा टाकला, कल्ल्यामागून अंगठा फिरवला आणि नवऱ्याकडे न बघताच म्हणाली, "बू धारी, तुमच्या गळाला आता जाळं फुटलं वाटतं."

याकूबने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. धारीचा बाप म्हणून सगळं कुवैत त्याला बू धारी म्हणायचं, आणि मासे गरवणारा म्हणून निदान त्याच्या मोहल्ल्यात तरी त्याचं नाव होतं. मासा चांगला हातभर लांब नकरूर होता. पण त्याच्या कल्ल्यांमागे जाळ्याच्या दोऱ्याचा लाल वळ उमटला होता आणि तोंडात गळाची जखम कुठेच नव्हती. लुलवा बंदरावरच्या कुटुंबात वाढलेली, तिच्यापासून काय लपणार?

"आज गुरुवार आहे," याकूब म्हणाला. "लोक येतील. त्यांच्यापुढे काय ठेवू, शिंगाळे?"

"खरं तेच ठेवा की. काल रात्रभर बसून दोन शिंगाळेच आणलेत ना?"

"शिंगाळा मांजर खात नाही."

"मग मांजराला बोलावू नका," असं म्हणून तिने खवले काढायला घेतले.

याकूबच्या घराला लागूनच त्याचा दिवाणिया होता. पुरुषांची बैठक, भिंतीलगत गाद्या, मध्ये चहा-कॉफीची सरबराई. दर गुरुवारी सात-आठ जुने दोस्त जमायचे, सगळे गरवणारे. ज्याला त्या आठवड्यात मासा लागला असेल त्याने तो आणायचा, भाताच्या थाळ्यावर तो मिरवायचा आणि कुठे लागला, किती झुंजला, दोरी कशी तुटता तुटता राहिली ते सांगायचं. मासा आणि तो माणूस असा फोटो निघायचा आणि त्यांच्या मंडळाच्या इंटरनेटवरच्या पानावर चढायचा. ज्याला काही लागलं नाही त्याची आठवडाभर टर उडायची. फोटो सोडले तर हे सगळं बापजाद्यांपासून चालत आलेलं, आणि तेव्हा त्यात खोटं काही नव्हतं.

तेव्हा म्हणजे सिद्राच्या खाडीत मासा होता तेव्हा. याकूबचा बाप त्याला तिथे न्यायचा. एक कोळंबी लावायची, दोरी सोडायची, आणि तंबाखूची चिमूट तोंडात टाकायच्या आत ओढ बसायची. नकरूर पाण्याबाहेर काढला की करकर आवाज करतो, त्यावरूनच कोकणातले लोक त्याला करकरा म्हणतात. याकूबच्या बापाच्या बोटीत पहाटेपर्यंत अशी करकर चालायची की माणसांना एकमेकांचं बोलणं ऐकू यायचं नाही. घरी खाऊन, शेजाऱ्यांना वाटून, उरलेले मासे मशिदीच्या पायरीवर ठेवून यायचे, ज्याला हवे त्याने न्यावेत.

आणि आता? वसंतात गाबोळीने फुगलेल्या माद्या अंडी घालायला खाडीत शिरतात, आणि नेमक्या तेव्हाच जाळीवाले खाडीच्या तोंडावर या काठापासून त्या काठापर्यंत जाळी ताणून बसतात. बाळंतपणाला माहेरी निघालेल्या बाईला वेशीवर अडवून मारावं तसला हा प्रकार. वर शहराचं सांडपाणी, वर भराव, वर तळ खरवडत जाणाऱ्या ट्रॉलर. हे सगळं उघड्या डोळ्यांनी दिसतं, रोज दिसतं, आणि कुणाच्या बापाचं काही जात नाही. याकूबचं टाळकं या विचाराने इतकं सणकायचं की त्याला रक्तदाबाच्या दोन गोळ्या चालू झाल्या होत्या.

त्या गुरुवारी थाळा मध्ये आला, सगळ्यांनी हात घातले आणि बू शमलानने, म्हणजे मिजबिलने, पहिल्याच घासाला मान डोलावली. मिजबिल या सगळ्यांत तालेवार, मिशीला ताव देऊन बोलणारा.

"कुठे लागला रे हा?"

"सिद्रालाच. खडकाच्या पलीकडे," याकूब म्हणाला.

"झुंजला?"

"झुंजला तर. मनगट अजून दुखतंय."

"माझा गेल्या आठवड्यातला तर विचारूच नको," मिजबिल म्हणाला. "बोट फिरवली त्याने."

याकूबने त्याच्याकडे पाहिलं. गेल्या आठवड्यात मासळीबाजाराच्या मागच्या दाराशी मिजबिलची गाडी उभी असलेली त्याने पाहिली होती. मिजबिलनेही त्याची पाहिली असणार. कोपऱ्यात बसून मिटक्या मारणारा लठ्ठ हमूद तर तिथल्या फुआद मासळीवाल्याचा उधारीचा गिऱ्हाईक होता. सगळ्यांना सगळं ठाऊक होतं आणि सगळे एकमेकांच्या मनगटाची चौकशी करत होते.

पण त्याच बैठकीत एक चांगली गोष्ट ठरली. याकूबने विषय काढला, की मत्स्य खात्याकडे अर्ज करू, वसंतातले दोन महिने खाडीचं तोंड जाळ्यांना बंद करा म्हणून. जाळीवाल्यांना शिव्या घालण्यात सगळ्यांचं एकमत होतंच. मिजबिलने तर छातीवर हात ठेवून सांगितलं, "बू धारी, तू पुढे हो. आम्ही पाठीशी आहोत." अर्ज गेला आणि सुनावणीची तारीखही आली.

खात्याचा अधिकारी जर्राह म्हणून तरुण गृहस्थ होता. उठून उभा राहिला, तिकडच्या रिवाजाप्रमाणे सगळ्यांच्या नाकाला नाक लावून भेटला, चहा मागवला. याकूबला वाटलं, काम झालं. त्याने पोटतिडकीने सगळं सांगितलं. खाडी कशी होती, कशी झाली, पोरांना नकरूर आता फक्त बर्फावर पडलेला माहीत आहे. जर्राहने मध्ये एकदाही तोडलं नाही. मग म्हणाला, "काका, तुमचं म्हणणं पटतं. पण जाळीवाल्यांच्या वकिलाने काहीतरी आणून दिलंय. तेवढं बघून घ्या."

भिंतीवरच्या पडद्यावर मिजबिल उगवला. हातात भला थोरला नकरूर. खाली लिहिलेलं, 'सिद्राची खाडी, अल्लाहची कृपा.' मग हमूद. मग याकूब स्वतः, दात काढून हसणारा. मग पुन्हा मिजबिल, हेकरू घेऊन. मंडळाच्या पानावरचे दोन वर्षांचे फोटो, एकामागून एक, संपता संपेनात.

"एवढे मासे तर माझ्या आजोबांनीही धरले नसतील," जर्राह म्हणाला. त्यात टोमणा नव्हता, म्हणून ते जास्तच लागलं. "मासा घटलाय असं दिसलं तर मी आज सही करतो. पण मला दिसतंय ते हे. वकील म्हणतो, हौशी लोकांना गळावर एवढा मासा मिळतो, मग आमच्या जाळ्यांनी काय बिघडवलं?"

मिजबिलने घसा खाकरला आणि याकूबला वाटलं, चला, निदान हा तरी सांगेल.

"त्याचं काय आहे," मिजबिल म्हणाला, "मासा लागतो तो आम्हाला लागतो. सगळ्यांना नाही लागत. अनुभवाचा प्रश्न आहे."

याकूबच्या कानशिलात घण पडायला लागले. समुद्र रिकामा झालाय म्हणून रडायला आलेला माणूस, आणि अधिकाऱ्यासमोर मिशीला ताव देतोय. हीच ती आपली जात, त्याच्या मनात आलं. जाळीवाले निदान पोटासाठी खाडी मारतात, आपण नुसत्या फुशारकीने मारतोय.

"ते मासे विकतचे आहेत," तो म्हणाला.

"कुणाचे?"

"माझे. फुआदच्या ठेल्यावरून आणलेले. खाडीतच धरलेले, पण जाळ्याने. गेल्या दोन वर्षांत गळाला मला चार नकरूरही लागलेले नाहीत." हे बोलताना त्याचा आवाज चढला, लाजेने नव्हे, रागाने. मग त्याने दोस्तांकडे पाहिलं. हमूद स्वतःच्या चपलांकडे बघत होता.

"याचे असतील," मिजबिल म्हणाला. "आमचे नाहीत."

जर्राहने कपाळ चोळलं. "काका, तुमचे फोटो मी बाजूला काढतो. पण बाकीचे राहतातच. रविवारपर्यंत थांबतो. जो इथे येऊन स्वतःच्या तोंडाने सांगेल, त्याचेही काढीन. निम्मे जण आले तरी खाडी बंद करतो, वकील काय करायचं ते करो."

गुरुवारी दिवाणिया भरला. घडलेल्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. कॉफी झाली, फुटबॉल झाला, पेट्रोल झालं. मग याकूब आत गेला आणि स्वतःच्या हाताने थाळा घेऊन आला. त्यात भात होता. केशर घातलेला, वर तळलेला कांदा, मनुका, सगळं व्यवस्थित. मासा नव्हता. मटणाचा तुकडाही नव्हता. पाहुण्यापुढे असा थाळा ठेवणं म्हणजे त्याच्या घराण्यात कुणी स्वप्नातही केलं नसतं.

"हे काय?" मिजबिलने विचारलं.

"या आठवड्यात आपण सगळ्यांनी मिळून खाडीतून जे काढलं ते. खा. मीठ बरोबर आहे."

"अपमान करायला बोलावलंस?"

"बू शमलान, तू माझा पन्नास वर्षांचा दोस्त आहेस. रविवारी चल माझ्याबरोबर. एक वाक्य बोलायचंय. मासा विकत आणला, एवढंच. चोरी केली असं नाही म्हणायचंय."

"आणि माझे जावई? माझ्या कचेरीतले लोक? तो फोटो माझ्या दिवाणखान्यात टांगलाय, लहान पोरं बघतात तो."

"त्या पोरांना नकरूर फोटोतच बघायला लागेल मग, दुसरीकडे कुठे राहणारच नाही."

मिजबिल उठला. बिश्तचा झगा खांद्यावर सावरत म्हणाला, "मासा आज नाही तर उद्या येईल. माणसाचं नाव गेलं तर येत नाही." बाकीचेही त्याच्या मागोमाग उठले. हमूदने तेवढ्यात भाताचा एक घास घेतला होता, तो गिळत गिळत तोही निघाला. आतून लुलवा आली, नवऱ्याच्या शेजारी बसली आणि त्याच्याबरोबर जेवली.

रविवारी, म्हणजे तिकडच्या आठवड्यातल्या कामाच्या पहिल्या दिवशी, याकूब खात्याची कचेरी उघडायच्या आधीच पोचला. दुपारपर्यंत बसला. मध्ये एकदा खिडकीतून हमूदची गाडी फाटकाशी आलेली दिसली. ती थोडा वेळ तशीच उभी राहिली आणि मग वळून गेली. जर्राहने दोनदा चहा पाठवला. शेवटी तो स्वतः बाहेर आला आणि म्हणाला, "माफ करा, काका." याकूबने त्याच्याशी हात मिळवला. त्या पोराचा काय दोष?

त्या वसंतात खाडीच्या तोंडावर जाळी पडली, यंदा दुहेरी. फुआदच्या ठेल्यावर नकरूरच्या राशी लागल्या, एकेक मादी गाबोळीने अशी तट्ट फुगलेली की पोट फाटेलसं वाटावं. बाजारात आनंदीआनंद होता. मासा परत आला, लोक एकमेकांना सांगत होते. परत कसला आला, शेवटचा होता तो ओरबाडून काढला होता. याकूब त्या राशींसमोर उभा राहून बघत होता. आजकाल तो मागच्या दाराने येत नसे आणि काही विकतही घेत नसे.

पलीकडच्या बाजूला मिजबिल होता. त्याने राशीतली सगळ्यात मोठी मादी निवडली होती आणि फुआदला सांगत होता, "साफ करू नकोस. अशीच दे. अख्खी हवी."

"बू शमलान," याकूबने हाक मारली. "इकडे बघ."

मिजबिलने मान वर केली. याकूबच्या हातात फोन होता, समोर धरलेला. आणि मिजबिलचे हात आपोआप पुढे आले. हात लांब करून धरला की मासा दीडपट दिसतो, हे गरवणाऱ्याला शिकवावं लागत नाही. मादी फोनच्या दिशेने पुढे झाली, छाती फुगली, मिशीखाली हसू फुटलं. मागे बर्फ होता, तराजू होता, रबरी हातमोजे घातलेला फुआद होता. मग आपण कुठे उभे आहोत ते मिजबिलच्या ध्यानात आलं, पण तोवर फोटो निघाला होता.

"हा कुठे दाखवणार आहेस?" त्याने विचारलं. आवाज एकदम म्हाताऱ्या माणसाचा झाला होता.

"जर्राहच्या भिंतीवर," याकूब म्हणाला. "तुझे बाकीचे आहेत, त्यांच्या शेजारी."