धुराड्याचं अस्तर

भाजलेल्या मातीचा तुकडा तिच्या तळहातावर, एका अंगाला काजळी, दुसरं अंग कोरं, आणि आरपार केसाएवढी चीर — एवढीशीच?… मिस्त्रीनं भिंतीतल्या शेगडीतून मान बाहेर काढली. धुराड्याचं आतलं अस्तर पार फुटलंय वहिनी, धूर वर जायचा सोडून भिंतीत शिरतोय, छताचे वासे तापतात ते वेगळंच, आणि त्यातला जो वायू मारतो त्याला तर वासही नसतो. या भिंतीपलीकडे काय आहे?

पलीकडे तिची उशी होती.

रोज सकाळी कपाळात घण… आणि नवरा चारचौघांत सांगायचा, हिचं डोकं म्हणजे आमचं हवामान खातं. खिदळायचे सगळे. ताईकडे गेलं की डोकं लख्ख, तेव्हा हा माणूसच आपल्याला सोसत नाही हे तिनं मनाशी पक्कं केलं होतं. शनिवारी येते ती कायमची, असं ताईला परवाच कळवलं होतं.

मिस्त्री सांगत होता. भेगा लिंपून भागणार नाही, पुन्हा उकलतील. ॲल्युमिनियम स्वस्त, पण ते गॅसला. तुम्ही लाकूड जाळता, तुम्हाला स्टेनलेस स्टीलचीच नळी हवी, जाड, वरून खालपर्यंत अखंड, भोवती उष्णता धरणारं वेष्टण, नाहीतर धूर वाटेतच थंडावून डांबर धरतो. तोवर शेगडी पेटवायची नाही.

आता हा म्हणेल, लिंपा. म्हण ना. ती वाट बघत होती.

"स्टीलचीच टाका," नवरा म्हणाला. "हिचं डोकं खरंच दुखत होतं हो, आणि आम्ही दात काढत बसलो."

खरंच! म्हणजे आजवर खोटं धरून चालला होता — आणि आता परक्या माणसासमोर एका वाक्यात चांगुलपणा पदरात पाडून घेतला, मेल्यानं. पण तो नाटक करत नव्हता. तेच जास्त झोंबलं.

"शनिवारी बसवू?" मिस्त्रीनं विचारलं.

नवरा तिच्याकडे बघत होता. शनिवारी चालेल, ती म्हणाली, आणि मग मनात हिशेब बसेना. नळी बसवूनही दुखतच राहिलं तर ठीक, जायला कारण हातात आहे. पण थांबलं तर… सगळा दोष एका फुटक्या धुराड्याचा? आणि तरीही मला जायचंच असेल तर लोकांना काय सांगू — नुसतं, जायचंय म्हणून?

डोकं शांत होईल याची तिला पहिल्यांदाच धास्ती वाटली.