अर्धा पासवर्ड

सासऱ्यांनी कॉम्प्युटर बिघडवला नव्हता, सुधारला होता. निदान त्यांचं म्हणणं तसं होतं. चाळीस वर्षं छापखान्यात प्रूफं तपासलेला माणूस; चूक दिसली की त्यांचे हात शिवशिवायचे. त्या सकाळी जुने फोटो शोधता शोधता ते कॉम्प्युटरच्या पार पोटात शिरले, आणि तिथल्या एका फायलीत त्यांना प्रत्येक ओळीच्या शेवटी अर्धविराम दिसला. पूर्णविराम औषधालाही नाही. त्यांनी एकेक करत दोनशे चौदा पूर्णविराम घातले, फाईल सेव्ह केली आणि समाधानाने आंघोळीला गेले.

सून कामाला बसली तर स्क्रीन काळाठिक्कर. ती शाळेच्या पुस्तकांसाठी चित्रं काढायची. एका अख्ख्या पुस्तकाची चित्रं त्या यंत्रात होती आणि ती संध्याकाळपर्यंत प्रकाशकाकडे जायला हवी होती. दुरुस्तीवाल्याने तीन तास झटून चित्रं वाचवली. मग त्याने ती फाईल उघडली आणि एकेक पूर्णविराम मोजत खालपर्यंत गेला.

"व्हायरस आहे का?" तिने विचारलं.

"नाही," तो म्हणाला. "व्हायरस इतकं नीटनेटकं काम करत नाही."

नवरा म्हणाला, "बाबांना वेगळं खातं काढून दे, साधं. त्यातून त्या फायलींना हातच लावता येत नाही. आणि सांगत बसू नकोस, उगाच मनाला लावून घेतील." तिने तसंच केलं, आणि घोळ झाला तो तिथेच.

कारण दुसऱ्या दिवशी सासरे स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. "स्क्रीनवर आलंय, तुम्हाला परवानगी नाही, प्रशासकाशी संपर्क साधा. हा प्रशासक कोण?"

"मी," सून भांडी घासता घासता म्हणाली. तिला मान वर करवेना.

ते "बरं" म्हणाले आणि गेले. पुढचे तीन दिवस ते कॉम्प्युटरच्या खोलीकडे फिरकले नाहीत. एवढंच असतं तर चाललं असतं, पण वर्तमानपत्रात 'महत्त्वाचे'चं 'महत्वाचे' असं छापून आलेलं त्यांनी वाचलं आणि लाल पेन न उचलता पान उलटलं. मशीन वाचवताना आपण माणूस दुखावला, हे तिला टोचत राहिलं.

चौथ्या दिवशी ती चहा घेऊन त्यांच्यासमोर बसली. "बाबा, चुकलं माझं. आधी सांगायला हवं होतं. त्या फायलींवर सगळा कॉम्प्युटर उभा आहे. एक खूण हलली तरी तो बसतो."

"म्हणजे शेवटचं प्रूफ सही होऊन गेलंय," सासरे म्हणाले.

"हो. तसंच."

"मग तसं सांगायचं ना. सही झाल्यावर खुद्द लेखकालाही आम्ही स्वल्पविराम हलवू द्यायचो नाही." त्यांनी चहाचा घोट घेतला. "पण तुझं प्रूफ कोण तपासतं? लिहिणाऱ्याला स्वतःची चूक दिसत नाही, सूनबाई. तूही साध्या खात्यातून काम कर."

बोलणं बिनतोड होतं. दुरुस्तीवाल्यानेही फोनवर तेच सांगितलं, तेव्हा सासऱ्यांची मान ताठ झाली. शेवटी प्रशासकाच्या खात्याला नवा पासवर्ड पडला: अर्धा सुनेचा, अर्धा सासऱ्यांचा. एकाने टाइप करताना दुसऱ्याने भिंतीकडे तोंड करायचं.

पंधरा दिवसांनी, पुढचं पुस्तक गळ्याशी आलेलं असताना, सुनेला एक मेल आला. चित्रांच्या प्रोग्रामचं अपडेट. तिने घाईघाईत बटण दाबलं. मशीनने पासवर्ड मागितला.

"बाबा, तुमचा अर्धा घाला हो लवकर. आज काम अडलं तर माझं काही खरं नाही."

सासरे आले, खुर्ची ओढली, चष्मा चढवला आणि पहिल्या शब्दापासून मेल वाचू लागले. सून मागे येरझाऱ्या घालत होती. तिला त्यांचा खरंच राग आला होता.

"'सुरक्षा'तला सु दीर्घ," ते म्हणाले. "'त्वरित'मधली रि दीर्घ. 'आपल्या' एकदा आणि 'तुमच्या' तीनदा. असला मजकूर कुठली कंपनी पाठवेल? तुझ्या त्या प्रोग्रामवाल्यांना फोन लाव आधी."

तिने फोन लावला. पलीकडची बाई म्हणाली की त्यांनी असं काही पाठवलेलंच नाही, आणि ते बटण दाबल्याने कालपासून कितीतरी लोकांच्या फायली गेल्या आहेत. दार तिने स्वतःच्याच हाताने उघडलं होतं. सासरे मध्ये उभे होते म्हणून बचावली.

सासऱ्यांनी मात्र तोवर लाल पेनाने कागदावर सगळ्या चुका उतरवून काढल्या होत्या. "त्या माणसाला दुरुस्त्या कळवू का?"

"नका हो बाबा," सून म्हणाली. "त्याचं शुद्धलेखन सुधारलं, तर पुढच्या खेपेला आपण त्याला ओळखायचं कसं?"

सासरे विचारात पडले. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी लाल पेनाने टिपलेल्या चुका तशाच राहू दिल्या, पण त्या रात्री त्यांना धड झोप लागली नाही.